टाको तुटला, तुटली की तुटलं?

प्रश्न दारव्ह्याजवळच्या एका गावातला आहे. लेकीचा नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला, म्हणून घरची सगळी मंडळी तिथल्या एका टाकोच्या हॉटेलात जेवायला गेली. टाको म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत सारण भरून ती दुमडून खायचा मेक्सिकोचा पदार्थ. पहिल्याच घासाला कुरकुरीत कवच मधोमध फुटलं आणि सारण ताटात सांडलं. आई म्हणाली, "माही टाको तुटली." पोट्टा म्हणाला, "टॅकोज तुटले." मोठे बाबा म्हणाले, "टाको तुटलं म्हणा, अन् खा." तर यात बरोबर कोण? उच्चार टाको की टॅको? आणि याला आपला मराठी शब्द का नसावा?

माझं मत आधीच सांगतो: टाको तुटला.

मराठीत ओकारान्त नामं मुळात कमी. 'बायको' हे घरचं नाम, पण तिथं लिंग अर्थानंच ठरलेलं, शेवटच्या अक्षराला विचारतो कोण. बाकीची रोजच्या वापरातली बहुतेक बाहेरून आलेली: फोटो, रेडिओ, टेंपो, ऑटो. हे सगळे 'तो' झाले. पुण्यामुंबईची रिक्षा 'ती' असते, पण नागपूर-अमरावतीकडे आपण ऑटो म्हणतो आणि ऑटो 'आला' म्हणतो. टाकोही याच रांगेत बसतो. स्पॅनिशमध्येही टाको पुल्लिंगी आहे, पण तो योगायोग. पुरावा म्हणून मी तो पुढे करत नाही. परभाषेतला शब्द मराठीत आला की त्याचं लिंग मराठी बोलणारेच ठरवतात.

पण आई चुकली असं म्हणायची माझी तयारी नाही. लिंग ठरवायची दुसरी वाट अर्थाची असते. बस 'ती', कारण गाडी 'ती'. पुढ्यात आलेली वस्तू आईला पोळीच्या, रोटीच्या घरातली दिसली, म्हणून ती 'तुटली'. विदर्भात एकच पेय चहा म्हटलं की 'तो' आणि चाय म्हटलं की 'ती' होतं, आणि त्यावरून कोणी भांडत नाही. मोठ्या बाबांचं 'तुटलं' वेगळं. वस्तू नेमकी काय आहे हे कळलं नाही की मराठी माणूस नपुंसकलिंगाचा आसरा घेतो: 'काय पडलं?', 'ते काय होतं?' त्यांनी टाकोला अजून ओळखच दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पोट्ट्याचं 'टॅकोज' मात्र मला पटत नाही. मराठीत दोन फोटो, चार टेंपो म्हणतात. तसंच तीन टाको. तो 'ज' मेनूकार्डावरच राहू द्यावा. विभक्ती लावताना अडचणच नाही: टेंपोत कापूस भरतो तसा टाकोत राजमा भरायचा. टाकोचा, टाकोला, आणि वऱ्हाडीत अर्थातच टाकोले. धोका दुसरीकडेच आहे. आपल्याकडे शेवटचा 'ओ' तोंडात घोळून 'ऊ' होतो, फोटोचा फोटू होतो. टाकोचा टाकू झाला तर "दोन टाकू का?" या प्रश्नाला वेटरनं काय उत्तर द्यावं?

आता उच्चार. अमेरिकन माणूस साधारण 'टाको' म्हणतो, इंग्लंडात 'टॅको' ऐकू येतं. मूळ स्पॅनिश 'त' आपल्या 'त'सारखा दंत्य, म्हणजे खरं तर 'ताको'. पोर्तुगीजांकडून थेट आलेल्या शब्दांत आपण तो 'त' सहसा जपलाय: परात, फीत, तुरुंग, मेस्त्री. बटाटा फुटून निघाला, पण आपण आलूवाले, आपल्याला त्याचं सुतक नाही. टाको मात्र इंग्रजीच्या तोंडून आला, पाट्यांवरही तसाच लिहिला गेला, तेव्हा 'टाको' लिहावं. 'ताको'ला उगाच ताकाचा वास येतो. टॉर्टिया, म्हणजे टाकोची ती पातळ पोळी, लिहिताना तेवढं 'टॉर्टिला' करू नये. स्पॅनिशमध्ये तिथले दोन एल मिळून 'य'च्या जवळ जातात.

स्पॅनिश शब्द आपल्या रस्त्यांना नवाही नाही. कापूस, संत्री, लग्नाचं वऱ्हाड असं सगळं वाहून नेणारा मेटॅडोर आठवा. तो शब्द स्पॅनिश, अर्थ बैलाशी झुंजून त्याला मारणारा. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या मुलखानं हे नाव कुरकुर न करता वापरलं, कारण अर्थ कोणी विचारलाच नाही.

मराठी शब्दाचं म्हणाल तर पुंगळी, सुरळी, मक्याची भाकर ही नावं सुचवली जातात. पुंगळी आणि सुरळी पूर्ण गुंडाळलेली असते. टाको नुसता दुमडलेला, वरून उघडा. आणि टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकर नव्हे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग वाटतात. अशा तयार केलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात, शब्द तिथल्या नावात्ल भाषेतला. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि पातळ टॉर्टिया न फाटता दुमडते. आपली मक्याची भाकर दुमडून पाहा, लगेच चिरते. प्रश्नातलं कुरकुरीत कवच म्हणजे तीच टॉर्टिया दुमडून तळलेली. हा प्रकार अमेरिकेतल्या साखळी हॉटेलांनी जगभर नेला. मेक्सिकोत टाको बहुतेक मऊच असतो.

परक्या वस्तूला घरचं नाव देता येत नाही असं नाही. मिरची त्याच मुलखातून पोर्तुगीजांबरोबर आली आणि तिला आपण मिऱ्याच्या जुन्या 'मरिच' या नावावरून नाव दिलं. पण मिरची आपल्या वावरात रुजली, भिवापुरी झाली. टाकोची अजून नागपूरच्या मॉलबाहेर फारशी ओळख नाही. यवतमाळच्या चौकात एखाद्या गाडीवाल्यानं मक्याच्या कवचात झुणका आणि भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी भरून विकली, तर तो त्याला जे म्हणेल ते नाव मी निमूट लिहीन. तोवर टाकोच.

पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलंय: 'टाको बेल' या अमेरिकन साखळी हॉटेलाच्या नावातल्या बेलचा घंटेशी काय संबंध? बोधचिन्हात घंटा आहे, पण नाव ग्लेन बेल या माणसाचं. त्यानं 1962 साली कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावात ते हॉटेल काढलं. बेल हे त्याचं आडनाव.