लाकडाचा धनेश केलाय, आता पुढे काय?

ताई, नमस्कार. पत्र वाचलं, फोटोही बघितले. मुलगा अकरावी सायन्सला गुहागरात, सुताराकडचे तुकडे गोळा करून धनेश पक्षी केलाय, अंग शिसवाचं, पोट शिवणीच्या लाकडाचं, चोच फणसाची, रंगाचा ब्रश कुठेच लावलेला नाही, आणि बाबा म्हणतात हे सुतारकाम झालं, करिअर नाही. त्यात पावसाळ्यात शेपटीचा सांधा सुटला, तर तुम्ही लिहिलंय फेव्हिकॉल डुप्लिकेट असणार.

फेव्हिकॉलला कशाला शिव्या देताय! फोटो झूम करून बघा, शेपटीच्या काळ्या पट्ट्यांवर पांढरी पट्टी आडवी बसवलीय. लाकूड लांबीत जवळपास वाढतच नाही, फुगतं-आकसतं ते रुंदीत, आणि मे महिन्यात चिकटवलेलं काम आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत फुगणारच, मग एक तुकडा ढकलतो, दुसरा हलत नाही, सांधा तरी सुटतो नाहीतर चीर तरी जाते. हे त्याला सांगू नका, त्यालाच शोधू दे आणि दुसरी शेपटी करू दे. सांगते कशासाठी, तर कॉलेज निवडण्याआधी मला हे बघायचंय की बिघडलेलं काम तो परत हातात घेतो का. हात चांगलाय यात शंकाच नाही, शिसवाची काळी धूळ शिवणीत बसून पोट मळकट होतं, म्हणून त्याने तिथे पॉलिश पेपर न मारता काचेच्या तुकड्याने खरवडलेलं दिसतंय, हे सहसा जुने सुतार करतात.

सायन्स सोडू नका. कुठल्याही शाखेची बारावी झाली तरी बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करता येतं, ४ वर्षं. शिल्पकलेला मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहेच, घराजवळ हवं तर सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट बघून या. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा खेळण्यांच्या डिझाइनचा कोर्स पदव्युत्तर (एमडेस), गांधीनगरला, म्हणजे आधी पदवी हवीच. आणि आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड १ वर्षाचा, बाबांना कमीपणा वाटेल पण मशीनवर हात तिथेच बसतो.

सुट्टीत सावंतवाडीला चितारआळीत न्या. तिथली लाकडी खेळणी रंगवलेली, याच्याकडे रंग लाकडाचाच, म्हणजे माल वेगळा, वेळ वेगळा, भावही वेगळा लावायला लागणार. दुकानदारालाच विचारू दे, असा धनेश कितीला घ्याल, उत्तर ऐकून हिरमुसला तर हिरमुसू दे, हा हिशेब आत्ताच कळलेला बरा. शिवाय फणसाची पिवळी चोच उजेडात हळूहळू तपकिरी होणार, गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावं लागतं.

बॅण्डसॉची, म्हणजे विजेवरच्या पट्टा-करवतीची, घाई नको, कोपिंग सॉ (वळणं कापायची बारीक हातकरवत) आणि पटाशी पुरे आहेत. मास्क मात्र आजच आणा, साधा कापडी नाही, एन-९५, शिसवाची धूळ छातीला वाईट.