नव्याने सुपरवायझर झालेल्यास

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत पहिल्यांदाच बारा माणसं हाताखाली आलीत ना, मग आधी सगळ्यांची नावं पाठ कर. मी सुरुवातीला पगारवाढीवरच भिस्त ठेवली होती. दोन महिने उत्साह टिकला, मग जैसे थे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी इंजिनिअर आणि अकाउंटंटशी बोलून १९५९ मध्ये हेच मांडलं होतं: पगार कमी असला की माणूस कुरकुरतो, पण जीव ओतून काम करायला श्रेय आणि जबाबदारी लागते. आमच्या लेथवरच्या काकांकडे मी मापं तपासायचं काम सोपवलं, मापं घ्यायचा व्हर्नियर त्यांच्याच हातात दिला. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, घटलं, आणि ते नव्या पोरांना जेवणाच्या सुट्टीतही शिकवू लागले. मात्र पगार उशिरा होत असेल तर ते आधी मार्गी लाव. तिथे कोरडी शाबासकी माणसाच्या जिव्हारी लागते.