मंचावरच्या त्या खुर्चीत मी बसले होते

प्रश्न : आमच्या तालुक्यात वीसेक कवींचं मंडळ आहे. कविसंमेलन घेऊन गरजू कुटुंबांना मदत करायची आणि नवोदित कवींना प्रोत्साहन द्यायचं, असा विचार आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर :

सुरुवात मंचापासून करू नका, एवढं आधी सांगते. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस मी गप्प बसले होते, पण 'कविसंमेलन घेऊन गरजू कुटुंबांना मदत' हे शब्द डोक्यातून जाईनात. तशा एका कविसंमेलनातलं गरजू कुटुंब म्हणजे आम्ही होतो. मी, सहा वर्षांचा मुलगा आणि मांडीवर तीन वर्षांची मुलगी.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. साडेतीन एकर कोरडवाहू, पराटी म्हणजे कपाशी आणि मधात तुरीची तासं. २०१२ च्या दिवाळीनंतर माझे मालक गेले. कसे गेले ते या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मुलाला मी सांगितलं होतं, बाबाला वावरात पान लागलं. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मामाजींपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना हात जोडून विनवलं होतं, पोरासमोर दुसरं काही बोलू नका. आणि गावानं ते पाळलं. शाळेतल्या पोरांनीसुद्धा पाळलं.

जानेवारीत तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. सरपंच निरोप घेऊन आले, साडी मिळेल, पाकीट मिळेल, फक्त बसायचं आहे. घरात तेव्हा तेलाची बाटली रिकामी होती, मी हो म्हटलं. मंचाच्या उजव्या बाजूला तीन खुर्च्या होत्या, आम्ही तिघी बाया. मागच्या बॅनरवर आमच्या तिघींची नावं नवऱ्यांच्या नावासकट छापली होती. चौदा कवी होते. एक सोडून प्रत्येकानं आमच्याकडे हात करून वाचलं. कोणाच्या कवितेत आमचं कपाळ, कोणाच्या कवितेत आमच्या बांगड्या. नववा की दहावा कवी आवाजानं फार चांगला होता, लोक 'वा' म्हणून दाद देत होते. त्यानं त्या दिवसाची सकाळ जशीच्या तशी उभी केली. वावराचा धुरा, झाड, रिकामा डबा, सगळं. माझा मुलगा माझ्या पायाशी बसून बिस्किट खात होता. त्यानं खाणं थांबवलं. मी त्याच्या कानावर हात ठेवले, पण भोंगा आमच्या डोक्यावरच बांधला होता.

परतताना टेम्पोत तो एवढंच बोलला, "आई, पान नव्हतं लागलं ना?"

मी त्याला झोप म्हटलं. खरं सांगितलं ते तो आठवीत गेल्यावर. पण कळायचं ते त्याला त्या रात्रीच कळलं होतं. जे मला माझ्या वेळेनं आणि माझ्या तोंडानं सांगायचं होतं ते एका अनोळखी माणसानं दाद घेत सांगून टाकलं. पाकिटात एकवीसशे रुपये होते. ते पाच महिन्यांनी, बियाण्याच्या वेळी मिळाले असते तर जास्त कामाचे होते. आमच्याकडे कार्यक्रम होतात जानेवारीत, कापसाचा पैसा लोकांच्या हातात असतो तेव्हा. गरज पडते जूनमध्ये, जेव्हा बियाणं, खत आणि पोरांची शाळा एकाच आठवड्यात दारात उभी राहते. मदतीची तारीख देणाऱ्याच्या सोयीनं ठरली की असं होतं.

पुढे मी स्वतः कविता लिहायला लागले आणि सहा वर्षांनी त्याच मंडळाची सभासद झाले. तेव्हा मला त्या वर्षीचं रजिस्टर पाहायला मिळालं. मंडप, भोंगा, पाहुण्यांची गाडी, चौदा शाली, चौदा श्रीफळं, स्मृतिचिन्हं, जेवण. आम्हा तिघींच्या वाट्याला आलेलं सगळं मिळून पाहुण्यांच्या गाडीभाड्यापेक्षा कमी होतं. मी बैठकीत हे बोलले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, घेणारा दिसला नाही तर देणारा हात खिशात घालत नाही." यावर आमचा वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. मंडळ मी सोडलं.

अध्यक्षांना तेव्हा सांगायला मला सुचलं नाही ते इथे सांगते. शेंडगावचे गाडगेबाबा आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी कीर्तनं करून, लोकांकडे मागून धर्मशाळा उभ्या केल्या. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला गेलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, आमच्या गावातलेही उतरले आहेत. तिथे कोणी पेशंटला खुर्चीत बसवून त्याच्या गाठीवर कविता वाचत नाही. तरी लोकांनी त्या माणसाला दिलं. देणाऱ्याला दुःख समोर बसवून दाखवावं लागतं, हे मला मान्य नाही.

आणि विधवेला मंचावर बसवूच नये असंही मी म्हणत नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आमच्याच जिल्ह्यातली, आमच्यासारखीच बाई. पण तिच्यापुढे माईक होता आणि ती स्वतः बोलली. इतर लोक तिच्याबद्दल बोलत असताना तिला मान खाली घालून बसावं लागलं नाही. मला एवढाच फरक हवा आहे आणि तो फार मोठा आहे.

आता खरी मदत कोणी केली ते सांगते. त्या चौदा कवींत एक एसटीचे कंडक्टर होते, मी त्यांना काकाजी म्हणते. त्यांनी त्या रात्री बसस्टँडबद्दलची एक लहानशी कविता वाचली होती, आमच्याकडे हात न करता. आठ-दहा दिवसांनी ते आमच्या घरी आले. दुःखाबद्दल एक शब्द काढला नाही. ओसरीत बसले, पाणी पिले आणि म्हणाले, "बाई, राशन कारड पिवळं आहे का केशरी?"

पिवळं होतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, हे मला माहीत नव्हतं. कास्तकारानं जीव दिला तर घराला मिळणारी सरकारची एक लाखाची मदत, ज्यात ३०,००० हातात देतात आणि ७०,००० ची ठेव करतात, तीत आमचं प्रकरण अपात्र ठरलं होतं. कारण कर्ज बँकेचं किंवा सोसायटीचं नव्हतं, परवाना नसलेल्या सावकाराचं होतं. मी समजले होते, अपात्र म्हणजे सगळंच संपलं. काकाजींनी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, मला वाचून दाखवला, मगच सही घेतली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझ्यासोबत तहसीलला दोन चकरा मारल्या, सुटीच्या दिवशी नाही, रजा टाकून. तेव्हा महिन्याला ६०० रुपये यायचे, आता १५०० आहेत. त्या सहाशेत माझ्या घरचा किराणा उभा राहिला. काकाजींच्या त्या अर्जाइतकं चांगलं लेखन त्या वर्षी आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणी केलं नसेल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तुमच्या वीस कवींना माझं सांगणं हे आहे. तुम्हाला लिहिता येतं. गावात ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायला कोणाला आठवण राहत नाही, घरात रडारड असते, तुम्ही आठवण द्या. ती नोंद राहिली की पुढचा प्रत्येक कागद अडतो. याला मंडप लागत नाही आणि शाल लागत नाही.

काकाजी पुन्हा आले तेव्हा मी मशीनवर बसले होते. शिवणाच्या हिशेबाच्या वहीत, 'ब्लाऊज २, फॉल १' याच्या खाली मी काहीबाही लिहून ठेवायची. त्यांनी पैसे किती झाले ते पाहायला वही उघडली आणि वाचत राहिले. मला लाज वाटली. मी भुलाबाईची गाणी म्हणत वाढलेली मुलगी, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी फिरायचो, पण स्वतःचं लिहिलेलं कोणी वाचेल असं कधी मनात आलं नव्हतं. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'डोळ्यांत अश्रूंचा सागर'. काकाजींनी विचारलं, "बाई, तू समुद्र पाह्यला का?"

नाही म्हटलं.

"मंग हा सागर कोणाच्या घरून आणला? तू जे पाह्यलं ते लिही ना."

मला राग आला. चार दिवस त्या ओळीकडे पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी तिथे लिहिलं :

रांजण उपडा पडला अंगणात,
आत अजून ओल आहे.

काकाजींनी वाचलं आणि काही न बोलता पान उलटलं, पुढचं वाचायला. मला आजवर मिळालेलं प्रोत्साहन म्हणजे ते उलटलेलं पान. नंतर शाली मिळाल्या, प्रमाणपत्रं मिळाली, सगळी पेटीत आहेत. 'छान', 'अप्रतिम', 'वा ताई' म्हणणारे पुष्कळ भेटले, पण माझी एक ओळ उसनी आहे हे सांगायला कोणाला तरी माझ्या ओसरीत येऊन बसावं लागलं. नवोदिताला हार घालणं सोपं आहे. त्याची वही अख्खी वाचायला एक दुपार द्यावी लागते, आणि मंडळातल्या मोठ्या कवींना नेमकी तीच द्यायची नसते. बोलायला ते तासभर बोलतात. ऐकायची पाळी आली की चहाला उठतात.

बायांबद्दल तर विचारूच नका. त्या मंडळात मी होते तोवर महिलांचं सत्र दरवेळी शेवटी. साडेआठ, नऊ वाजता. खेड्यावरच्या बाईची शेवटची गाडी साडेपाचला सुटते, मुक्कामी गाडी सगळ्याच गावांना नाही. मी चार संमेलनांना गेले आणि चारही वेळा न वाचता परत आले. वर म्हणायचे, ग्रामीण भागातल्या भगिनी पुढे येत नाहीत. २०२३ पासून आम्हाला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? तुम्हाला खरंच प्रोत्साहन द्यायचं असेल तर आधी एसटीचं वेळापत्रक पाहा, मग कार्यक्रमाची वेळ ठरवा.

आम्ही आता नऊ जण आहोत, त्यात पाच बाया. गावच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वाजता बसतो, साडेचारला उठतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि दाद द्यायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं की कोणती ओळ त्याच्या लक्षात राहिली. कोणतीच राहिली नसेल तर तेही सांगायचं. पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे तोंडपाठ रचलेल्या ओळी, म्हणणारा एक सालदार आमच्यात आहे, तो स्वतःला कवी म्हणायला तयार नव्हता. आता त्याच्या झडत्या मी वहीत उतरवून घेते, कारण त्याला लिहिता येत नाही आणि मला येतं.

दर बैठकीला प्रत्येकी पन्नास रुपये एका डब्यात पडतात. वर्षाचे चोपन्नशे होतात, फार नाहीत. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दोघी जणी ते घेऊन एखाद्या घरी जातात, भाजी आणायला निघाल्यासारख्या, पिशवी घेऊन. बैठकीत रक्कम वाचली जाते, घराचं नाव नाही. मला स्वतःलाही दोन वर्षांची नावं माहीत नाहीत आणि मी विचारत नाही.

काही गोष्टी राहिल्या. लोकांकडून पावत्या फाडून वर्गणी घेणार असाल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नियम विचारून घ्या, आपसातल्या डब्याची गोष्ट वेगळी आणि जाहीर निधीची वेगळी. सरकारी योजनांच्या रकमा आणि अटी बदलत राहतात, अर्ज लिहायच्या आधी तहसीलला विचारा, माझ्या आकड्यांवर विसंबू नका. आणि कास्तकाराच्या मरणावर कविता लिहूच नये असं मी म्हटल्यासारखं वाटलं असेल तर तसं नाही. मीही लिहिली आहे. पण ती मी आधी मुलाला वाचून दाखवली. त्यानं दोन ओळी काढायला सांगितल्या, मी काढल्या. त्या दोन ओळी कवितेत सगळ्यात चांगल्या होत्या, आणि त्या गेल्या याचं मला दुःख नाही. ज्या कवीनं त्या रात्री वाचलं त्याच्याही मनात वाईट नव्हतं, त्याचा आवाज शेवटी कापत होता, हे मला आठवतं. त्यानं फक्त खाली, माझ्या पायाशी पाहिलं नाही.

तुमच्या वीस जणांत बाया किती आणि त्या कोणत्या गावांहून येतात, हे तुम्ही लिहिलं नाही. ते कळवा, मग बैठकीच्या वेळेबद्दल आणखी सांगता येईल.