‘बारीक धक्के बरे’ म्हणणाऱ्यांसाठी

नेव्हाडात बारीक भूकंपांची मालिका सुरू झाली की मला रेनो-स्पार्क्सच्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येतात. या खेपेला एक डहाणूहूनही आलाय. भूकंपशास्त्रज्ञ म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

इथे ना समुद्र, ना कोयनेसारखं धरण. मग वाळवंटात भूकंप कसले? (कार्सन सिटी)

भूकंपाला धरण लागतंच असं नाही. इथली जमीन पूर्व-पश्चिम ताणली जातेय. कोरड्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरा पडतात ना, तसं. रेनोहून सॉल्ट लेक सिटीला गाडीने जा: डोंगर, सपाट खोरं, पुन्हा डोंगर, दिवसभर हेच. खोरं खचतं, डोंगर वर राहतो, आणि पायथ्याशी बहुधा भ्रंश, म्हणजे खडक सरकतो ती मोठी भेग, असते. काही कोटी वर्षांत हा पट्टा ताणून जवळजवळ दुप्पट रुंद झालाय. भेगांत खोलवरचं पाणी शिरलं की खडक सरकायला सोपं जातं. मग मुख्य धक्का असा कुठलाच नसतो, बारक्यांचीच रांग लागते.

धक्क्याआधी तोफ उडाल्यासारखा आवाज येतो. खाणीत सुरुंग लावतात का? (रेनो)

भूकंप उथळ आणि जवळ असला की असा आवाज येतो. पहिली लाट पोचते ती ‘धाड’, दुसरी पोचते तो हादरा. मधले सेकंद मोजा, आठाने गुणा. साधारण तेवढे किलोमीटर. मोजायला वेळच मिळाला नाही, तर भूकंप तुमच्या पायाखालीच आहे.

शेजारी म्हणतात, बारीक धक्के बसलेले बरे, जमिनीतला दाब निघून जातो. खरं का? (स्पार्क्स)

नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वहीच काढतो. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६ च्या भूकंपाइतकी ऊर्जा ३ च्या धक्क्यांतून बाहेर पडायची तर ते बत्तीस हजारांच्या आसपास लागतील. रोज दहा धरले तरी पावणेनऊ वर्षं! आणि याच राज्यात १९१५ साली प्लेझंट व्हॅलीला आणि १९५४ साली फेअरव्ह्यू पीकला ७ च्या आसपासचे भूकंप झालेत. त्यासाठी दहा लाख धक्के कुठून आणणार?

बहुतेक मालिका आपोआप विरतात, हे मान्य. पण २००८ साली रेनोच्या पश्चिमेला मोगलला फेब्रुवारीअखेर सुरू झालेली मालिका विरण्याऐवजी चढत गेली, आणि २५ एप्रिलच्या रात्री ५ चा धक्का बसला. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरात बारीक धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्हाला सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून, एखाद्या धक्क्यानंतर आठवडाभरात त्याहून मोठा येण्याची शक्यता शंभरात साधारण पाच. घाबरण्याइतकी नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकीही नाही.

तेव्हा शेजाऱ्यांचं राहू द्या, आज गॅरेजमध्ये जा आणि गरम पाण्याची टाकी धरून हलवा. हलली, तर वरच्या आणि खालच्या भागाला पट्टे बांधून ती भिंतीतल्या लाकडी खांबांना पक्की करायला हवी. टाकी आडवी झाली तर गॅसची नळी तुटते, आणि मग आग. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. ‘भूकंपरोधक’ लेबल लावून दुप्पट भावाने विकले जाणारे पट्टे घेऊ नका.

मालिका थांबली की विमा घेईन म्हणतो. (रेनो)

उलटं करताय. मोठा धक्का बसला की कंपन्या काही दिवस नव्या भूकंप पॉलिस्या देतच नाहीत. आणि घराच्या साध्या विम्यात भूकंप सहसा धरलेला नसतो. भूकंपाच्या विम्यातही पहिला भार तुमचाच, बरेचदा घराच्या विमा रकमेच्या दहा-पंधरा टक्के. एजंटाला हा आकडा विचारा आणि लिहून घ्या.

एक ॲप तीन दिवस आधी भूकंप सांगतं, महिन्याला दहा डॉलर. घेऊ? (स्पार्क्स)

नको. भूकंपाचा दिवस आधी कोणालाच सांगता येत नाही.

दुकानासाठी विटांची जुनी इमारत भाड्याने घेतोय. (रेनो)

सही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. २००८ च्याच फेब्रुवारीत नेव्हाडातल्याच वेल्स नावाच्या गावाजवळ ६ चा भूकंप झाला, तेव्हा गावातल्या जुन्या विटांच्या इमारतींचं मोठं नुकसान झालं.

आमच्याकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के बसताहेत. कारण तुमच्याकडचंच का? (डहाणू)

मालिका तशीच, जमीन वेगळी. तुमच्याकडे बेसाल्ट, पाऊसही भरपूर. रेनोवरून डहाणूचं निदान करणं म्हणजे शेजाऱ्याच्या एक्स-रेवरून तुमचं हाड बसवणं. हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने) तिथे यंत्रं बसवली होती, कारणाबद्दल त्यांचंच ऐका. आणखी एक: ‘टेबलाखाली बसा’ हा सल्ला इथल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचा. दगडमातीच्या भिंतींच्या घरात काय करायचं, कुठल्या दाराने निघायचं, कुठली भिंत आधी बांधून घ्यायची, हे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला विचारा, आणि तोवर अशा दगडमातीच्या भिंतीलगत झोपू नका.