गाडी रडते कुठून? गिअरबॉक्स, डिफ्रन्शिअल की चाक

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत तक्रार एकच आहे: गाडी रडते, कुंई करते, गुणगुणते. आणि बऱ्याच जणांना गॅरेजमध्ये खर्चाचा आकडा आधी कळला, आवाज कुठून येतोय ते कुणी पाहिलंच नाही. खोलण्याआधी शोधा, हा माझा आग्रह आहे.

प्रश्न (सांगोला): मागच्या चाकांवर चालणारी पिकअप आहे. डाळिंब भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो. ६० च्या पुढे मागून कुंईऽऽ आवाज येतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. मिस्त्री म्हणतात, गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शिअल (मागच्या चाकांच्या मधला, त्यांना जोर वाटणारा गिअरचा डबा) दोन्ही खोलू.

उत्तर: दोन्ही खोलू देऊ नका. पाय काढताच आवाज थांबतो, ही तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची खूण आहे. टायर किंवा चाकाचं बेअरिंग वाजत असतं, तर पाय काढल्यावरही गाडी पळतेय तोवर वाजत राहिलं असतं. जोर लागल्यावरच येणारा आवाज बहुधा गिअरच्या दातांचा असतो.

आता गिअरबॉक्स की डिफ्रन्शिअल? सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकच वेग धरा आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये ऐका. अशा बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो. जोर खालच्या शाफ्टच्या दातांतून न जाता सरळ मागे जातो. चौथ्यात आवाज गेला आणि बाकी दोन्हींत राहिला, तर गिअरबॉक्स. तिन्हींत सूर तोच राहिला, तर डिफ्रन्शिअल. तुळजापूरचा घाटही या कामाला चांगला: चढताना वाजतं की गिअरमध्येच उतरताना, ते नीट कळतं. फक्त चढताना किंवा फक्त उतरताना वाजलं, तर क्राऊन-पिनियनच्या (डिफ्रन्शिअलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या) दातांची बैठक बिघडली आहे. दोन्हीकडे वाजलं, तर पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आवाज ऐकायचा प्रयोग मात्र घाटात कधीही करू नका.

मग गाडी सपाट जागी उभी करून डिफ्रन्शिअलचा भरण्याचा बोल्ट काढा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. कमी असेल तर पिनियनचं सील आणि ॲक्सलची टोकं बघा, कुठून तरी ते गळतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालतो तेव्हा तापलेलं हाउसिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढतं. चुंबक असलेल्या ड्रेन बोल्टला राखाडी लेप असणं साधारण आहे, पण चकत्या, कपच्या निघाल्या तर थांबा. शेवटी, चाकांना दगड लावून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफ्रन्शिअलपर्यंतचा लांब दांडा) पिनियनजवळ धरा आणि वर-खाली हलवा. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. अशा गाडीत एक क्रेटही भरू नका. ते बेअरिंग पूर्ण बसलं तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात.

क्राऊन आणि पिनियन बदलावे लागलेच तर जोडीनेच बदला, आणि मिस्त्रींना विचारा: बॅकलॅश (दातांमधला खेळ) डायल गेजने बघणार ना? दातांना रंग लावून ठसा तपासणार ना? अंदाजाने बसवलेली नवी जोडीही रडते.

प्रश्न (जुळे सोलापूर): हॅचबॅक आहे. वेग वाढला की विमानासारखी घरघर. सिमेंटच्या रस्त्यावर जास्त, डांबरीवर कमी.

उत्तर: रस्ता बदलल्यावर आवाज बदलतो म्हणजे आधी टायर. टायरवरून तळहात फिरवा. खडबडीत चढउतार लागले तर झीज वेडीवाकडी आहे. पुढचे टायर मागे टाकून पाहा, आवाज मागे गेला तर उत्तर मिळालं. तसं झालं नाही तर बेअरिंग: मोकळ्या रस्त्यावर हळूच डावीकडे वळवताना घरघर वाढली तर बहुधा उजवं, कारण भार तिकडे जातो. मग गाडी जॅक करून, स्टँड लावून, चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते.

प्रश्न (होटगी रोड): नवी गाडी, रिव्हर्समध्येच रडते.

उत्तर: बहुतेक मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरचे तिरके. सरळ दात वाजतातच. निश्चिंत राहा.

प्रश्न (बार्शी): न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना गुणगुण येते, क्लच दाबला की बंद.

उत्तर: क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबतो, म्हणून संशय त्याच्या बेअरिंगवर. याच्या उलट, दाबल्यावर आवाज सुरू होत असता तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं). गिअरबॉक्स उतरवावाच लागणार आहे, तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बघून घ्या. मजुरी दोनदा देऊ नका. ऑइल भरताना गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच भरा. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तिथे दुकानदाराने 'हे भारी आहे' म्हणून दिलेलं जीएल-५ नको. डिफ्रन्शिअलसाठी ते योग्य, पण त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खाऊ शकतात.

प्रश्न (अक्कलकोट): उभ्या गाडीतही रेस केली की कुंई वाढते. गिअरबॉक्सच ना?

उत्तर: क्लच दाबून रेस करा. तरीही वाढली तर बहुधा नाही. स्टीअरिंग फिरवताना सूर चढत असेल आणि पॉवर स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल, तर त्याच्या ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. फेस दिसला तर पंप हवा ओढतोय. नाहीतर अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढून मिनिटभरच इंजिन चालवा, कारण वॉटर पंपही अनेकदा त्याच बेल्टवर असतो. आवाज गेला तर अल्टरनेटर, पंप, पुली एकेक हाताने फिरवून बघा.

प्रश्न (मोहोळ): वडापची जीप घ्यायची आहे. विकणारा म्हणतो, डिफ्रन्शिअलमध्ये १४० नंबरचं ऑइल टाकलंय, आता आवाज नाही.

उत्तर: जाड ऑइल आवाज दाबतं, झिजलेले दात भरून आणत नाही. त्याच्यासमोर ते काढायला लावा, कंपनीने सांगितलेलं भरा, माणसं बसवून २०-२५ किलोमीटर चालवा आणि मगच भाव बोला. तो नाही म्हणाला तर दुसरी जीप बघा.