लॉकच्या भिंतीला स्थिरतेचं गणित पुरत नाही का?

तुम्ही विचारलंय की नदीवरच्या लॉकच्या (बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेण्यासाठी पाण्याने भरायच्या-रिकाम्या करायच्या गेटबंद चेंबरच्या) भिंती स्वतःच्या वजनावर उभ्या राहण्याइतक्या जाड असतात, मग उलटणं आणि घसरणं तपासल्यावर थरागणिक तापमानाचं विश्लेषण कशाला?

कारण लॉकमध्ये पाणी सोडायच्या कितीतरी आधी भिंतीत ताण बसलेला असतो, आणि स्थिरतेच्या गणितात तो कुठेच दिसत नाही.

स्थिरता तपासायलाच हवी. दुरुस्तीसाठी चेंबर रिकामं केलेलं असतं, मागचा भराव भिजलेला असतो आणि तळाखालून अपलिफ्ट, म्हणजे पाण्याचा वर उचलणारा दाब असतो, ती अवस्था बहुधा सर्वांत कठीण. गेटजवळच्या मोनोलिथवर (भिंतीच्या सलग काँक्रीट ठोकळ्यावर) मायटर गेटचा, म्हणजे इंग्रजी V सारखं मिटणाऱ्या दोन पाखांच्या दाराचा, तिरका रेटाही येतो.

आता उष्णता. सिमेंट पाण्याशी मिसळून घट्ट होताना तापतं. घनमीटरमागे दर 100 किलो सिमेंटला, उष्णता बाहेर पडू दिली नाही तर, तापमान साधारण 10 ते 12 अंश चढतं. जाडी दुप्पट झाली की थंड व्हायला चौपट वेळ लागतो. पण खरी मेख पुढे आहे. तापताना काँक्रीट कोवळं असतं, त्यामुळे प्रसरण अडलं तरी दाब थोडाच निर्माण होतो. निवेपर्यंत ते कडक झालेलं असतं आणि तेवढंच आकुंचन अडलं की मोठा ताण येतो. 20 अंशांची घट, अंशामागे दहा दशलक्षांश आकुंचन आणि 30,000 मेगापास्कल स्थितिस्थापकता (काँक्रीटचा कडकपणा) धरा: पूर्ण अडवणूक असेल तर 6 मेगापास्कल. काँक्रीटची ताण सोसायची ताकद जेमतेम 2 ते 3. प्रत्यक्षात अडवणूक अपुरी असते, क्रीपही (सततच्या भाराखाली काँक्रीटचं सावकाश सरकणं) काही ताण खातो. मग उरतो किती, हे हातच्या हिशेबात नीट सापडत नाही.

म्हणून मॉडेलसुद्धा साइटवर बांधतात तसंच थरावर थर चढवत न्यावं लागतं. प्रत्येक थराचं वय, कडकपणा आणि क्रीप वेगळं, शिवाय त्या-त्या दिवसाची बाहेरची हवा. अख्खी रचना एकदम उभी करून भार लावला तर हा इतिहासच पुसला जातो. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सने ओहायो नदीवरच्या ओल्मस्टेड लॉकसाठी असं टप्प्याटप्प्याचं विश्लेषण केलं होतं.

भिंतीतल्या कल्व्हर्टचे (चेंबर भरायच्या-रिकामं करायच्या पाण्याच्या बोगद्याचे) कोपरे आणि आधीच निवलेल्या तळावर ओतलेला भिंतीचा खालचा भाग नीट पाहा. तळ भिंतीला आकसू देत नाही, त्यामुळे तिथून उभ्या भेगा वर चढतात. भेग कल्व्हर्टपर्यंत पोहोचली की पाण्याचा दाब तिच्यात शिरतो. थरांमधला आडवा सांधा उघडला तर अपलिफ्टचं गृहीतकच बदलतं आणि तुमची स्थिरता पुन्हा तपासावी लागते.

सुरुवात भिंतीच्या जाडीतून घेतलेल्या एका सरळ पट्टीच्या तापमान-गणितापासून करा. त्यात ओततानाचं तापमान, थराची उंची आणि काही सिमेंटऐवजी घालायच्या राखेचं, म्हणजे फ्लाय अॅशचं प्रमाण बदलून पाहा. मग द्विमितीय छेद घ्या. त्रिमितीय मॉडेल गेटच्या मोनोलिथसाठी राखून ठेवा, तिथे मात्र त्यावाचून भागत नाही.