पुरवठादाराकडून बनावट माल आला, तर ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक्स दुकाने नेमके काय करतात?

आपण लिहिले आहे की, ऑनलाइन घेतलेल्या यूएसबी-सिरिअल बोर्डांवरची (संगणकाच्या यूएसबीला सिरिअल जोडणीची उपकरणे जोडणाऱ्या छोट्या बोर्डांवरची) एफटी२३२आरएल ही आयसी, म्हणजे ते काम करणारी चिप, बनावट निघाली, तक्रार करताच दुकानाने काहीही न विचारता पैसे परत केले, बोर्डही परत मागितले नाहीत, आणि तोच बोर्ड आजही त्यांच्या संकेतस्थळावर विक्रीला आहे. मग दुकानाला हे आधीपासून ठाऊक होते का, असा आपला प्रश्न आहे. सुटे भाग विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानासाठी आवक माल तपासण्याचे काम मी करतो, त्यामुळे पडद्यामागे काय चालते ते सांगू शकतो.

दुकानाला ठाऊक होतेच असे मानायचे कारण नाही. स्वस्त वस्तू कुरिअरने परत मागवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीच्या आसपास जातो, म्हणून ग्राहक-सेवा विभागाला एका रकमेपर्यंत सरसकट पैसे परत करण्याची मुभा दिलेली असते. तो परतावा देणाऱ्या माणसाने आपली तक्रार खरेदी विभागापर्यंत पोहोचवली असेल की नाही, हा निराळा प्रश्न आहे, आणि बहुतेक ठिकाणी सगळे तिथेच अडते. पैसे लगेच मिळाले याचा अर्थ तपास झाला असा होत नाही; उलट तक्रार मिटली म्हणून तपासाची गरजच कुणाला वाटत नाही.

त्यातही आपल्या बाबतीत एक पेच आहे. दुकानाने आयसी विकत घेतलेलीच नाही. त्याने चीनमधल्या शेनझेनच्या एखाद्या कारखान्याकडून तयार बोर्ड घेतला, आणि त्यावर कोणती आयसी डकवायची हे कारखान्याने ठरवले. अस्सल एफटी२३२आरएल सुटी घेतली तरी काही शे रुपयांना पडते. संपूर्ण बोर्डच त्याहून स्वस्त मिळत असेल, तर खरेदी करणाऱ्याने दर पाहूनच ओळखायला हवे होते. 'आम्हांला पुरवठादाराने असेच दिले' हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच आयसीचा इतिहास बोलका आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अस्सल आयसी बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर (आयसी संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) विंडोज अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर आला आणि त्याने बनावट आयसी ओळखून तिच्यातला प्रॉडक्ट आयडी (ज्यावरून संगणक उपकरण ओळखतो तो क्रमांक) शून्य करून टाकला. कालपर्यंत चालणारी उपकरणे एका रात्रीत संगणकाला दिसेनाशी झाली. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला, आणि २०१६ मधल्या ड्रायव्हरने आयसी बंद न पाडता खऱ्या माहितीच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' असा मजकूर पाठवायला सुरुवात केली. ज्याने पैसे मोजून वस्तू घेतली त्याचेच उपकरण निकामी करणे मला तेव्हाही पटले नव्हते. पण त्या प्रकाराने एक गोष्ट उघडी पडली: बनावट माल चालतो म्हणूनच तो खपतो, आणि जोवर तो चालतो तोवर साध्या चाचणीत तो सापडत नाही.

मग तो सापडतो कसा? सुटी आयसी आली की आधी रीलवरचे (आयसी ज्या चकतीवर गुंडाळून येतात तिच्यावरचे) लेबल आणि आयसीवरचा लॉट क्रमांक (उत्पादनाच्या एका खेपेचा क्रमांक) व डेट कोड (उत्पादनाच्या काळाचा सांकेतिक अंक) जुळवून पाहतात. त्यानंतर भिंगाखाली पहिल्या पिनेजवळची गोल खूण पाहतात. एकाच लॉटच्या आयसींवर ती कुठे खोल, कुठे उथळ, कुठे रंगाने भरलेली दिसली, तर त्या निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केल्याची दाट शक्यता असते. जुन्या आयसीवरची अक्षरे घासून, वर काळा थर देऊन नवी अक्षरे छापण्याची पद्धत सर्रास आहे. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला की कच्चा थर काळा होऊन बोळ्यावर उतरतो. हल्लीचे थर ॲसिटोनलाही दाद देत नाहीत, म्हणून शंका उरली तर क्ष-किरण चित्र काढतात किंवा आम्लाने आवरण विरघळवून आतला सिलिकॉनचा तुकडा पाहतात. मात्र तयार बोर्डांच्या वाट्याला यातले क्वचितच काही येते, कारण शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूवर एवढा खर्च कोणी करत नाही.

माल बनावट ठरल्यावर दुकानाची खरी परीक्षा सुरू होते. पुरवठादार बहुधा वाद घालत नाही. 'माल परत पाठवा, क्रेडिट नोट देतो' (म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या खात्यावर जमा धरतो) एवढेच तो म्हणतो, आणि हिशेब सांभाळणाऱ्याला हे अत्यंत सोयीचे वाटते. पण परत गेलेला तो माल नष्ट होत नाही. नव्या पाकिटात, नव्या लेबलासह तो दुसऱ्या कुणाच्या तरी गोदामात जातो, आणि क्वचित फिरून आपल्याकडेही येतो. संरक्षण व विमान क्षेत्रातील खरेदीसाठी जी मानके आहेत, ती याच कारणाने असा माल अलग ठेवायला आणि पुन्हा पुरवठा साखळीत न सोडायला सांगतात. छोट्या दुकानाने तसे केले तर मालही पडून राहतो आणि पैसेही अडकतात. म्हणून आगाऊ पैसे देण्यापूर्वीच 'बनावट ठरलेला माल परत न करता नष्ट केला जाईल आणि रक्कम वळती केली जाईल' ही अट खरेदी आदेशात घालून घ्यावी लागते. ती मान्य करणारे पुरवठादार थोडे असतात, आणि दरही थोडा जास्त लावतात.

दुसरी परीक्षा म्हणजे आधीच विकल्या गेलेल्या मालाची. कोणता लॉट कोणत्या ग्राहकाला गेला याची नोंद असेल तरच त्यांना कळवता येते, आणि नोंद असूनही कळवण्याचे धैर्य लागते. अमेरिकेतल्या स्पार्कफन या दुकानाने २०१० मध्ये एटीमेगा३२८ म्हणून आलेल्या आयसी बनावट निघाल्याचे स्वतःहून जाहीर केले आणि त्यांची छायाचित्रेही प्रसिद्ध केली. असे करणारी दुकाने आजही मोजकीच आहेत.

अमेझॉनसारख्या, अनेक विक्रेते असलेल्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांची अडचण वेगळ्या जातीची आहे. तिथे अनेक विक्रेत्यांचा एकच बारकोड असलेला माल गोदामात एकत्र ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याच्या नावावर दुसऱ्याचा बनावट नग ग्राहकाच्या हाती पडू शकत असे. ॲपलने २०१६ मध्ये अमेरिकेतील एका पुरवठादारावर दावा लावला, तेव्हा अमेझॉनवरून अस्सल म्हणून विकलेले शंभराहून अधिक आयफोन, चार्जर आणि केबली तपासल्या असता जवळपास ९० टक्के वस्तू बनावट निघाल्याचे ॲपलने म्हटले होते. प्रत्येक नगाला स्वतंत्र कोड देण्याची अमेझॉनची ट्रान्सपरन्सी योजना पुढच्याच वर्षी आली. मात्र तिच्यात ब्रँडने स्वतः सामील व्हावे लागते, त्यामुळे बिननावाच्या बोर्डांना तिचा काही उपयोग नाही.

भारतात परदेशी गुंतवणूक असलेल्या बाजारपेठांना स्वतःचा माल विकता येत नाही, म्हणून तिथे आपला करार विक्रेत्याशी असतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे बनावट वस्तू परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे बंधनकारक आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याच्या मुख्यालयाचा व शाखांचा पत्ता बाजारपेठेने द्यावा, अशी तरतूदही त्यात आहे. ती फारसे कोणी वापरत नाही.

आपल्याला पैसे मिळाले असले तरी दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा, असे मी सुचवेन. त्यात ऑर्डर क्रमांक, आयसीवरच्या अक्षरांचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि पाकिटावरच्या लेबलाचे छायाचित्र जोडावे, आणि दोनच प्रश्न विचारावेत: या लॉटचा उरलेला साठा विक्रीतून काढला का, आणि तो कुठे आहे? महिनाभरात उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तोवर बोर्ड टाकून देऊ नयेत आणि कुणाला वापरायलाही देऊ नयेत.